हिंदी खडा, सॅक्सन सोनार

या पानावर आपण नेहमी भाव, कर, उधारी आणि बाजारपेठ यांविषयी वाचतो. आज विषय थोडा वेगळा आहे. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी इंग्लंड आणि फ्रान्सकडच्या राजे-सरदारांच्या कबरींत त्यांच्याबरोबर दागिने पुरले जात. हे दागिने सोन्याचे असून त्यांत लाल खडे बसवलेले आहेत. त्या लाल खड्यांपैकी पुष्कळसे खडे आपल्या हिंदुस्थानातून आणि श्रीलंकेतून गेले होते, हे आता प्रयोगशाळांतून सिद्ध झाले आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. सोन्याचांदीच्या बाजारात आमचे दुकान नाही. पण दूरच्या मालावर चालणारा धंदा, त्या मालाची वाट अडली की कारागिरावर येणारा प्रसंग आणि त्यातून काढलेला मार्ग, या गोष्टी कापडात काय, चामड्यात काय आणि खड्यांत काय, सारख्याच असतात. म्हणून हा हिशेब आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे मांडत आहोत.

कबरींत काय सापडले?

पहिली मोठी कबर फ्रँक लोकांचा राजा चिल्डेरिक याची. हा राजा सुमारे ४८१ साली वारला. आजच्या बेल्जियममधील तूर्ने या गावी १६५३ साली खोदकाम करताना एका मुक्याबहिऱ्या गवंड्याला ही कबर लागली. आत राजाच्या नावाची मुद्रेची अंगठी, लाल खडे जडवलेली तलवार, नाणी आणि सोन्याच्या सुमारे ३०० लहान माश्या होत्या. त्या माश्यांचे पंख म्हणजे लाल खड्यांचे पातळ तुकडे होते. पुढे नेपोलियनने १८०४ साली राज्याभिषेकाच्या वेळी याच माश्या पाहून मधमाशी हे आपले चिन्ह ठरवले.

दुसरी कबर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ सफोक परगण्यात सटन हू येथे आहे. जमिनीच्या मालकीण इडिथ प्रिटी यांनी बेसिल ब्राउन या स्थानिक जाणकाराला आपल्या शेतातील मातीचे ढिगारे उकरण्याच्या कामावर नेमले. १९३९ साली त्यातील एका ढिगाऱ्याखाली सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा मिळाला. लाकूड कुजून गेले होते, खिळे मात्र जागेवर होते. जहाजाच्या मधोमध राजाचे सामान रचलेले होते. ही कबर सुमारे ६२५ सालची मानतात, म्हणजे हिजरतीनंतर अवघ्या दोन-तीन वर्षांची. ती ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याची असावी, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये चौकशी होऊन हा सर्व माल कायद्याने प्रिटीबाईंचा ठरला. बाईंनी तो ब्रिटिश म्युझियमला बिनमोल देऊन टाकला.

त्या सामानात सोन्याचा एक पट्ट्याचा बक्कल आहे. त्याचे वजन ४१२ ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने सुमारे ३५ तोळे. त्याला एकही खडा नाही. पण खांद्यावर चिलखत बांधायच्या दोन कड्या, बटव्याचे झाकण आणि तलवारीचे साज मात्र लाल खड्यांनी भरलेले आहेत. एकट्या या कबरीत असे ४,००० हून अधिक घडवलेले खडे मोजले गेले. बटव्यात फ्रँक मुलखातली ३७ सोन्याची नाणी होती आणि प्रत्येक नाणे वेगळ्या टाकसाळीचे होते.

बायकांच्या कबरींतही असा माल मिळतो. केंट परगण्यात किंग्स्टन येथे १७७१ साली ब्रायन फॉसेट या पाद्र्याला एका बाईच्या कबरीत सोन्याचा गोल ब्रोच सापडला. ब्रोच म्हणजे अंगावरची शाल अडकवायचे पदक. त्यात लाल खडे, निळी काच आणि पांढरा शिंपला यांची वर्तुळे आहेत. हा संग्रह १८५३ साली ब्रिटिश म्युझियमला विकत देऊ केला तेव्हा तेथील विश्वस्तांनी नको म्हटले. तो घेतला लिव्हरपूलच्या जोसेफ मेयर या सोनाराने आणि पुढे १८६७ साली आपल्या शहराला दान केला. सोनाराच्या नजरेला जे कळले ते विश्वस्तांना कळले नाही! अगदी अलीकडे, २०२२ साली नॉर्थहॅम्प्टनशायर परगण्यात हारपोल येथे एका बाईच्या कबरीत सोने, लाल खडे, काच आणि रोमन नाणी ओवलेला हार मिळाला. त्यात किमान ३० लोलक आणि मणी आहेत. तो सुमारे ६३० ते ६७० या काळातला आहे.

हा खडा कोणता?

या लाल खड्याला गार्नेट म्हणतात. आपल्याकडे रत्नांच्या बाजारात त्याला तामडा म्हणतात. तो माणिक नव्हे. माणकापेक्षा तो मऊ असतो आणि स्वस्तही. त्याचा रंग दाट, डाळिंबाच्या दाण्यासारखा. याचे अनेक प्रकार आहेत. ज्यात लोहाचा अंश जास्त तो अल्मंडाइन, आणि ज्यात मॅग्नेशियम जास्त तो पायरोप. डोळ्यांना दोन्ही लालच दिसतात. पण यंत्राखाली धरले की कोणत्या खाणीकडचा माल आहे, याचा अंदाज करता येतो.

पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये कणांचा झोत खड्यावर सोडून त्यातील द्रव्ये मोजण्याचे यंत्र आहे. खड्याला ओरखडाही येत नाही. फ्रान्समधील कबरींतले शेकडो खडे या यंत्राखाली तपासले गेले. निकाल असा लागला की पाचव्या आणि सहाव्या शतकातला माल मुख्यत्वे हिंदुस्थान आणि श्रीलंकेकडचा आहे. सुमारे ६०० सालानंतर मात्र युरोपातल्याच बोहेमिया मुलखातला, म्हणजे आजच्या चेक देशातला, बारीक दाण्याचा पायरोप दिसू लागतो.

आपल्याकडे राजस्थानात टोंक आणि अजमेरच्या बाजूला गार्नेटच्या जुन्या खाणी आहेत. तेलंगणात कोठागुडेमजवळ गरीबपेट येथेही हा खडा विपुल मिळतो. कॉन्स्टँटिनोपलच्या रोमी साम्राज्यातला एक कोरीव लाल खडा या गरीबपेटच्या मालाशी तंतोतंत जुळतो, असे जर्मन अभ्यासकांनी २०१८ साली दाखवून दिले.

माल कोणत्या वाटेने गेला?

या व्यापाराचा एक साक्षीदार आहे. कॉस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी पुढे साधू झाला आणि सुमारे ५५० साली त्याने एक ग्रंथ लिहिला. त्यात हिंदुस्थानच्या बंदरांची यादी आहे. त्यातले कल्लियाना म्हणजे आपले कल्याण. तेथून तांबे, लाकूड आणि अंगावरच्या कपड्यांसाठी कापड जाते, असे तो लिहितो. सिबोर नावाचे बंदर म्हणजे कोकणातले चौल, असे अभ्यासक मानतात. आणि काबेर नावाच्या बंदरातून, जे कावेरीच्या मुखाशी असावे, अलाबंडेनम बाहेर जाते असे तो सांगतो. हा शब्द लाल खड्याचाच आहे. अल्मंडाइन हे नाव त्याच घराण्यातले.

म्हणजे कल्याणचे कापड आणि दक्षिणेचा खडा एकाच समुद्री बाजारात फिरत होते. तेथून माल अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्राच्या काठी, हबशी मुलखातल्या अदुलिस बंदरात जाई. पुढे मिसर, मग भूमध्य समुद्र, मग फ्रँक लोकांचा मुलूख आणि शेवटी खाडी ओलांडून इंग्लंड. किती हात बदलले असतील याचा विचार करा. खाणवाला, घासणारा, बंदराचा दलाल, नाखवा, जकातदार, घाऊक व्यापारी, आणि सर्वांच्या शेवटी सोनार. त्या सॅक्सन सोनाराने हिंदुस्थानचे नाव तरी ऐकले असेल की नाही कोण जाणे. पण त्याची चूल आपल्याकडच्या खाणीवर पेटत होती.

सोनेही बाहेरचेच होते. कॉन्स्टँटिनोपलचे बादशहा साडेचार ग्रॅम वजनाचे सोन्याचे नाणे पाडत. खंडणी, पगार आणि व्यापार यांतून ते पश्चिमेकडे जाई आणि तिथले सोनार ते वितळवून दागिने करीत.

कारागिरी कशी होती?

आता कामाकडे पाहू. प्रथम सोन्याचा पत्रा तळाला घ्यायचा. त्यावर सोन्याच्या बारीक पट्ट्या उभ्या झाळून छोटी छोटी घरे तयार करायची. कोणी चौकोनी, कोणी पायऱ्यापायऱ्यांची, कोणी पिसाच्या आकाराची. मग खडा घासून एक मिलिमीटरच्या आसपास जाडीची सपाट चकती करायची आणि ती त्या घरात नेमकी बसेल अशी कडेने कापायची. गार्नेट पोलादी सुरीने कापला जात नाही. कुरुंदासारख्या कठीण दगडाची भुकटी चाकावर घेऊन तो घासावा लागतो. पायरीच्या आकाराची एक चकती घासताना कोपरा उडाला की सगळी मेहनत वाया. असे चार हजार तुकडे!

त्यातही रंग जुळवावा लागे. आपल्या कापडाच्या धंद्यात एकाच थानात दोन छटा आल्या तर गिऱ्हाईक थान परत करते. इथे तर एकेका पदकावर शेकडो चकत्या शेजारी शेजारी. एक जरी फिकी पडली तरी डोळ्यांत खुपते.

खरी किमया खड्याच्या खाली आहे. दाट लाल खडा काळ्या तळावर ठेवला तर काळपट दिसतो. म्हणून त्याच्याखाली सोन्याचा अतिपातळ वर्ख ठेवीत. हा वर्ख साधा नव्हे. त्यावर ठशाने बारीक चौकटी उठवलेल्या असत, एका मिलिमीटरात तीन-चार रेघा. खड्यातून खाली गेलेला उजेड या चौकटींवर आपटून वर परतायचा आणि दागिना निखाऱ्यासारखा चमकायचा. आपल्याकडे कुंदनकामात खड्याखाली डांक ठेवतात, त्याच जातीचे हे कसब. मशालीच्या उजेडात बसलेल्या राजाच्या खांद्यावर तो माल कसा दिसत असेल याची कल्पना करावी.

थोडक्यात, दागिन्यात खडा वजनाने अगदी थोडा. पातळ चकती, खाली डांक, भोवती सोन्याची रेघ. थोड्या मालात मोठा देखावा उभा करण्याचे हे हुनर होते, आणि त्यात फसवणूक नव्हती. गिऱ्हाइकाला लाल झळाळी हवी होती, ती त्याला मिळत होती.

वरचे सोने आणि आतले सोने

मात्र एक गोष्ट आमच्या सराफ बंधूंनी लक्षात घेण्यासारखी आहे. २००९ साली इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात एका शेतात सुमारे चार किलो सोने आणि दीड किलोहून अधिक चांदी सापडली. ही कबर नव्हे. तलवारींचे साज उपटून, मोडून पुरलेला तो साठा होता. त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि बर्मिंगहॅम व स्टोक येथील म्युझियमांनी तो घेतला. त्याचे सोने तपासताना असे दिसले की अनेक वस्तूंचा पृष्ठभाग आतल्या धातूपेक्षा जास्त शुद्ध आहे. सोनारांनी मुद्दाम पृष्ठभागावरची चांदी काढून टाकली होती, म्हणजे माल वरून अधिक पिवळा दिसावा. एकाच वस्तूच्या दोन भागांना वेगळी छटा देण्यासाठीही ही युक्ती वापरली गेली.

क्षार लावून तापवले की सोन्यातली चांदी सुटते, हे ज्ञान आपल्याकडेही जुने आहे. आइन-ए-अकबरीत बादशाही टाकसाळीत क्षार आणि विटांची भुकटी लावून सोने शुद्ध करण्याची रीत दिलेली आहे. जर विकणाऱ्यालाही हे सांगायला नको. वर सोनेरी मुलामा आणि आत तार कशाची, हे जाळून पाहिल्याशिवाय कळत नाही. आज दुकानोदुकानी कॅरट मोजण्याची एक्स-रे यंत्रे आली आहेत. ही यंत्रे मुख्यत्वे वरचा थर वाचतात. तेराशे वर्षांपूर्वीच्या सोनाराने त्यांनाही चकवले असते. तेव्हा जुना माल घेताना एकाच जागी यंत्र लावून सौदा करू नये, खोल घासून कस पाहावा.

पुरवठा तुटला तेव्हा

आता मुख्य मुद्दा. सहाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानी खडा पश्चिमेत कमी होऊ लागला. का? एके काळी युरोपात असे मत जोरात होते की अरबांच्या विजयांमुळे भूमध्य समुद्राचा व्यापार तुटला. बेल्जियमचे इतिहासकार हेन्री पिरेन यांचा या मताचा ग्रंथ १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. पण या लाल खड्याची वही उघडली तर तारखा जुळत नाहीत. फ्रँक मुलखात मोठा खडा कमी होऊन बोहेमियाचा खडा दिसू लागतो तो ६०० सालाच्या आगेमागे. हिजरत ६२२ ची. मिसर मुसलमानांच्या ताब्यात आले ते ६४१-४२ च्या सुमारास. त्याआधी ५४१ पासून भूमध्य समुद्राच्या काठावर प्लेगने थैमान घातले होते, ५७० च्या सुमारास इराणच्या सासानी बादशहांनी येमेन घेतले होते, आणि ६०२ पासून ६२८ पर्यंत रोम आणि इराण यांची लढाई चालू होती. लाल खड्याची वाट अडखळली ती या काळात. निदान हे एक खाते तरी मुसलमानांच्या नावे लिहिता येत नाही.

कारण काहीही असो, सोनाराच्या दृष्टीने प्रश्न एकच होता. हातात हुनर आहे, गिऱ्हाईक आहे, पण माल नाही. त्याने काय केले?

एक, त्याने दुसरी खाण शोधली. बोहेमियाचा खडा जवळचा होता, पण दाणा बारीक. त्याच्या मोठ्या चकत्या निघत नाहीत. म्हणून नक्षी बदलली. स्टॅफर्डशायरच्या साठ्यात तर काही खडे हिंदुस्थानाकडचे आणि काही बोहेमियाचे, असे दोन्ही मिळतात.

दोन, त्याने खडे कमी करून सोन्याचे काम वाढवले. सगळे पदक खड्यांनी भरण्याऐवजी मधूनमधून एकेक खडा आणि बाकीच्या जागेत सोन्याच्या तारेची नक्षी. जिथे लाल नाही तिथे निळी काच, पांढरा शिंपला.

तीन, त्याने जुना माल जपला आणि दुरुस्त केला. डरहॅमच्या चर्चमध्ये १८२७ साली कथबर्ट या संताची कबर उघडली तेव्हा सोने आणि लाल खड्यांचा एक क्रूस मिळाला. कथबर्ट ६८७ साली वारला. तो क्रूस पुरण्याआधीच मोडला होता आणि पुन्हा जोडलेला होता. वस्तू फेकली नाही, सांधली.

हे काम आणखी दोन-तीन पिढ्या चालले. मग सोनेच आटले. ६७० नंतर फ्रँक आणि इंग्रज मुलखांत सोन्याची नाणी जाऊन चांदीची आली. ख्रिस्ती धर्म रुजल्यावर मृताबरोबर दागिने पुरण्याची चालही मागे पडली. त्याबरोबर या कामाचा जमाना संपला.

मोडीचा भाव

शेवटी एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. चिल्डेरिकच्या कबरीतला माल फिरत फिरत पॅरिसच्या राजग्रंथालयात आला होता. १८३१ सालच्या नोव्हेंबरात एका रात्री चोरांनी तो पळवला आणि बराचसा वितळवून टाकला. तीनशे माश्यांपैकी आज दोन उरल्या आहेत. चोरांना मिळाला तो फक्त सोन्याचा भाव. घडणावळ गेली, हुनर गेले. कारागिराने जे घातले होते ते मुशीत राहत नाही.

मग आज आपल्याला त्या मालाची माहिती कशी? कारण कबर सापडल्यावर दोनच वर्षांनी, १६५५ साली, जाँ-जाक शिफले नावाच्या हकिमाने प्रत्येक वस्तूचे चित्र काढवून पुस्तक छापले होते. माल गेला, नोंद उरली.

आपण काय घ्यावे?

आमच्या मते यातून चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, आपला कच्चा माल खरोखर कुठून येतो याची शेवटच्या दुव्यापर्यंत माहिती ठेवावी. दलालाचे नाव माहीत असणे म्हणजे खाण माहीत असणे नव्हे. सूत, रंग, चामडे, खडे, कशाचाही पुरवठा एकाच वाटेवर ठेवू नये.

दुसरी, माल बदलला तर नक्षी बदलण्याची तयारी ठेवावी. ज्या सोनाराने बारीक खड्याला शोभेल असे काम काढले त्याचा धंदा पुढे चालला. आमच्या कारागीर बंधूंत अनेकदा ऐकू येते की वडिलांपासून हेच करत आलो आहोत. वडिलांचे हुनर जपावे. त्यांच्या काळातला पुरवठा मात्र कायम राहील असे धरून चालू नये.

तिसरी, जुनी घडाई वजनावर विकण्याआधी दोनदा विचार करावा. मोडीला आलेल्या दागिन्यात, जुन्या जरीच्या पदरात, पितळी नक्षीत एखादे विसरलेले कसब असू शकते. निदान त्याचा फोटो तरी घ्यावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या कामाची नोंद ठेवावी. नमुना, तारीख, करणाऱ्याचे नाव. सटन हूच्या कड्या आज लाखो लोक काचेपलीकडून पाहतात. त्यात पुरलेल्या राजाच्या नावावर अभ्यासकांनी पुस्तके लिहिली. पण त्या चार हजार चकत्या कोणी घासल्या, त्याचे नाव कुठेच नाही. तसेच तो खडा ज्याने हिंदुस्थानच्या खाणीतून काढला त्याचेही नाही. आपल्या कारखान्यांत, मागांवर आणि भट्ट्यांवर आज जे हात काम करतात, त्यांची नावे लिहून ठेवायला एक वही आणि एक पेन पुरते. हे काम आपण आजपासून सुरू करू शकतो.